उंबरठ्यावरची सायकल

मराठीत जागच्या जागी फिरण्याविषयी फारसे बरे बोलले जात नाही. घाण्याचा बैल म्हटले, की डोळ्यांवरची झापड आणि दिवसभर चालूनही संध्याकाळी घाण्यापाशीच उभा असलेला तो मुका जीव आठवतो. 'फिरून फिरून भोपळे चौक' हे आपण कंटाळलेल्या स्वरातच म्हणतो. 'ये रे माझ्या मागल्या' यात तर उघड उपहास आहे. चालणे म्हणजे कोठेतरी जाणे, हे आपल्या भाषेने इतके गृहीत धरले आहे, की 'वाटचाल', 'प्रवास', 'टप्पा', 'मजल' या शब्दांवाचून आम्हा साहित्याच्या अध्यापकांना एखाद्या लेखकाविषयी चार वाक्येही धड बोलता येत नाहीत. कवीची वाटचाल असते, कादंबरीचा प्रवास असतो; आणि जो कवी दुसऱ्या संग्रहातही पहिल्याच ठिकाणी उभा दिसतो, त्याची आपण कीव करतो.

अशा भाषेत राहून आम्ही यावलमध्ये रोज पहाटे पाऊण तास सायकल चालवतो आणि तसूभरही पुढे सरकत नाही. शेजारचे एक वयोवृद्ध केळीबागाईतदार शेताकडे निघताना आमच्या दारापाशी क्षणभर थांबतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारले होते, "सर, कुठी जाऊ राह्यले?" आम्ही हसलो. त्यांनी मात्र ते हसण्यासाठी विचारलेले नव्हते. भल्या पहाटे घामाघूम झालेला माणूस कोठेतरी निघालेला असणारच, असे त्यांना वाटले असावे. त्यांच्या उभ्या आयुष्यात तसेच घडत आले आहे.

ज्यांनी हे साधन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. याला रोलर म्हणतात. लोखंडी चौकटीत तीन आडवी नळकांडी बसवलेली असतात. मागची दोन एकमेकांच्या जवळ, त्यांच्या मधल्या खोबणीत सायकलचे मागचे चाक विसावते. तिसरे पुढे, पुढच्या चाकाखाली. त्याचा आस चाकाच्या आसाच्या किंचित पुढे असावा लागतो, नाहीतर चाक पुढे उतरू पाहते. मागच्या नळकांड्यावरून पुढच्यावर एक पट्टा गेलेला असतो, म्हणून मागचे चाक फिरले की पुढचेही फिरते. एवढेच. सायकल कोठेही बांधलेली, आवळलेली नसते. मागचा आस पकडून सायकल उभी धरणारी दुसरी यंत्रे बाजारात मिळतात, त्यांवर बसून माणूस डुलक्याही घेऊ शकेल. रोलरवर तोल आपला आपण सांभाळायचा. रस्त्यावरची सायकल आणि रोलरवरची सायकल यांत तोलाच्या दृष्टीने फरक इतकाच, की रस्ता रुंद असतो आणि नळकांडे हात-दीड हात.

आमचा रोलर याच मुलखात तयार झाला. ठिबक सिंचन आणि पीव्हीसी पाइप यांमुळे जळगाव जिल्ह्याचे नाव देशभर झाले, आणि इकडच्या कोणत्याही केळीच्या बागेच्या बांधावर 110 मिलिमीटरच्या पाइपाचा एखादा उरलासुरला तुकडा सापडतोच. परदेशी बनावटीच्या रोलरची नळकांडी साधारण याच जाडीची, साडेचार इंचांच्या आसपास, असतात. नळकांडे जितके बारीक तितका टायर अधिक दबतो आणि पाय अधिक भरून येतात. पाइपाच्या दोन्ही तोंडांत बसतील अशा लाकडी चकत्या सुताराने काढल्या. मधोमध बेअरिंग बसवण्याचे काम लेथवाल्याने केले, आणि ते करताना आम्हाला एक गोष्ट शिकवली: पाइप गोल दिसतो, पण गोल नसतो. उन्हात पडून राहिलेला तर मुळीच नसतो. चार पाइप घासून-फिरवून पाहिल्यावर तीन बरे निघाले. पट्ट्याचा प्रश्न पंक्चर काढणाऱ्याने सोडवला. जोड दिलेला पट्टा प्रत्येक फेऱ्यात ठक् करून वाजतो, हे आमचे दुखणे त्याने ऐकले, आणि ट्रकची एक जुनी ट्यूब घेऊन तिचे सलग कडे कापून दिले. कड्याला जोड असणारच कोठून? या उत्तराचे सौंदर्य आम्हाला अजून भुरळ घालते. एखाद्या गणिती सिद्धतेत किंवा चांगल्या अभंगाच्या शेवटच्या चरणात जे समाधान असते, त्याच जातीचे ते आहे.

रोलर शिकायचा तो दाराच्या चौकटीत, असे सर्वत्र सांगतात, कारण तोल गेला तर दोन्हीकडे हात टेकता येतात. आमच्या जुन्या घराच्या भिंती जाड, चौकट सागवानी आणि अरुंद. म्हणून सायकल अर्धी घरात आणि अर्धी ओट्यावर अशी उभी राहिली. पहिले आठ दिवस आम्ही चौकटीला धरूनच पाय मारले. नवखा माणूस खाली, पुढच्या चाकाकडे पाहतो, आणि चाक लगेच भटकू लागते. नजर दूर ठेवावी लागते. आम्ही ती समोरच्या कडुनिंबाच्या बुंध्यावर ठेवतो. दुसरे, मूठ घट्ट आवळायची नाही. तिसरे, भीती वाटली की पाय थांबवायचे नाहीत, उलट वाढवायचे. वेगात सायकल स्थिर होते. या तिन्ही गोष्टी सांगून समजत नाहीत. नवव्या की दहाव्या दिवशी हात आपोआप चौकटीवरून सुटला आणि आपण काही धरलेले नाही हे आमच्या चार-सहा फेऱ्यांनंतर ध्यानात आले.

पडलो तर समोरच्या अंगणात भिरकावले जाऊ, ही घरातल्यांची भीती मात्र निराधार होती. धावत असतात ती चाके. अंग जागेवरच असते. चाक नळकांड्यावरून उतरले तर सायकल एक हिसका देते आणि उभी राहते. पाय थांबवले तरी काही क्षणांतच सगळे शांत होते, कारण रस्त्यावर आपल्या वजनाला जो धावण्याचा जोर मिळालेला असतो, तो येथे मिळालेलाच नसतो. येथे उतार नाही, म्हणून फुकटचे एकही पाऊल नाही. वाराही नाही. रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवा कापण्यात जाते; रोलरवर हवा स्तब्ध असते आणि मेहनत जाते ती दबणाऱ्या टायरमध्ये. टायर हाताला गरम लागतो. वाऱ्याअभावी घामाचे काय होते, हे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या या जिल्ह्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

सायकल मुळात उभी का राहते, याचे उत्तरही वाटते तितके सोपे नाही. फिरणाऱ्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती तोलली जाते, असे पाठ्यपुस्तके अनेक वर्षे सांगत होती. 1970 मध्ये डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तो गुण नाहीसा करणारी सायकल मुद्दाम बनवली, आणि तीही चालवता आली. 2011 मध्ये काही संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवले, की भोवऱ्याचा गुण आणि पुढच्या चाकाची मागे ओढली जाण्याची रचना हे दोन्ही काढून टाकले तरी सायकल स्वतःची स्वतः तोल सांभाळू शकते. ज्या बाजूला ती कलते त्याच बाजूला पुढचे चाक वळले, की चाके पुन्हा भाराखाली येतात. तोल म्हणजे अखंड चाललेले पडणे आणि अखंड चाललेले सावरणे. रस्त्यावर हे सावरणे नजरेत भरत नाही. रोलरवर, हात-दीड हाताच्या त्या पट्टीत, ते क्षणोक्षणी दिसते.

आता रस्ता का सोडला ते सांगायला हवे, कारण हौस म्हणून कोणी उंबरठ्यावर सायकल चालवत नाही. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग आमच्या गावावरून जातो. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा अशी ही केळीची ओळ आहे. उत्तर भारतात जाणारी केळी याच रस्त्याने निघतात, आणि केळी थांबू शकत नाहीत. कापलेल्या घडाला घड्याळ लागलेले असते. त्या घड्याळाने ट्रक धावतात. आम्ही आणि आमचे एक सहकारी पंधरा वर्षे या रस्त्याने सायकलवर फिरलो. सकाळी फैजपूरपर्यंत जाऊन परत, सुटीच्या दिवशी अंजाळ्यावरून तापीच्या पुलापर्यंत, श्रावणात कधी आडगावच्या बाजूने मनुदेवीला. ते इतिहास शिकवत. 1936 च्या डिसेंबरात खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन फैजपूरला झाले, त्याविषयी ते सायकलवरून जाता जाता इतके बोलत, की त्या रस्त्याचा प्रत्येक मैल आम्हाला नेहरूंच्या भाषणासह पाठ झाला होता. सात वर्षांपूर्वी एका पहाटे ते एकटेच गेले, आणि मागून आलेल्या वाहनाने त्यांना रस्त्याच्या कडेला टाकले. त्या दिवशी आम्हाला ताप होता, म्हणून आम्ही घरी होतो. याहून अधिक येथे लिहिणार नाही.

दिवसकार्य झाल्यावर घरातून एकच वाक्य आले: "सायकल विकू नका, पण रस्त्यावर नेऊ नका." त्या वाक्यातून रोलर निर्माण झाला.

तेव्हापासून निष्फळ श्रमाविषयी जे जे वाचनात आले ते आम्ही या उंबरठ्यावर बसून तपासले आहे. युरोपात जागच्या जागी चालण्याला शिक्षेचा वास आहे. विल्यम क्युबिट या अभियंत्याने 1818 च्या सुमारास कैद्यांसाठी पायचक्की काढली. 1895 मध्ये शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्डलाही पेंटनव्हिलच्या तुरुंगात ती तुडवावी लागली. आज शहरांतल्या व्यायामशाळांत पैसे भरून लोक जिच्यावर धावतात त्या यंत्राने इंग्रजीतले तेच नाव धारण केले आहे. आपल्याकडे अंदमानचा कोलू आहे. 'माझी जन्मठेप' वाचलेल्या कोणालाही त्या फिरण्याविषयी सांगायला नको. तेथे बैलाच्या जागी माणूस होता, आणि दिवसाच्या शेवटी तेलाचे माप भरावे लागे. या दोन्ही उदाहरणांत छळ फिरण्यात नाही, दुसऱ्याने फिरवण्यात आहे. हा भेद ठेवला नाही तर आपल्या पहाटेच्या घामाला उगीचच हौतात्म्य चिकटते.

खानदेशाजवळ मात्र जागच्या जागी फिरण्याचे एक निराळे उदाहरण आहे, आणि ते आमच्या दृष्टीने फार मोठे आहे. जाते. जात्याची वरची तळी दिवसाला हजारो फेरे घेते आणि कोठेही जात नाही. त्या फेऱ्यांवर बायकांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पोइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. एवढे काव्य एवढ्या थोड्या जागेत फिरून निर्माण झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. आणि बहिणाबाई चौधरी (1880-1951) तर आमच्या शेजारच्या. असोद्याची लेक, जळगावची सून. अक्षरओळख नसलेल्या या बाईंची गाणी सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने उतरवून घेतली नसती, आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली नसती, तर ती जात्याशीच संपली असती. वर्गात आम्ही त्यांच्या कवितेला नेहमी 'शेतातली कविता' म्हणत आलो. अलीकडे वाटते, तिचा ठेका शेतातला कमी आणि घरातला, दळणकांडणाचा अधिक आहे. हात एका ठरावीक गतीने गुंतलेला असला, की मन मोकळे होते, हे रोलरवरच्या विसाव्या मिनिटाला आम्हालाही जाणवते. त्या वेळी अनेकदा पाठ असलेली ओळ नव्याने कळते, किंवा वर्गात सांगायचे उदाहरण सुचते.

पण येथेच थांबून स्वतःला जात्याच्या ओळीत बसवणे आम्हाला लबाडीचे वाटते. जात्याखालून पीठ पडते. त्या पिठाची भाकरी होते, आणि ती ज्यांनी दळले त्यांना बहुधा सर्वांत शेवटी मिळते. पहाटे चारला उठणे त्यांनी निवडलेले नव्हते. आमच्या रोलरखालून काहीही पडत नाही. पडतो तो रबराचा काळा भुगा, आणि तो झाडण्याचे काम बरेच दिवस घरातल्या दुसऱ्याच माणसाकडे होते. ओव्यांविषयी गहिवरून लिहिणाऱ्या आमच्यासारख्या प्राध्यापकांनी जात्याला एकदा हात लावून पाहावा. एरवी आपण वेदनेचे रूपांतर लगोलग लयीत करून मोकळे होतो.

जात्यापेक्षा जवळचे नाते मल्लखांबाशी सांगता येईल. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला आजचे वळण दिले, असे मानले जाते. कुस्ती खेळायची तर दुसरा मल्ल हवा. तो नसेल तेव्हा खांब. तेल लावलेला, निसरडा, न बोलणारा खांब हा प्रतिस्पर्ध्याच्या जागी उभा केलेला. पुढे मल्लखांब हाच खेळ झाला, त्याच्या स्पर्धा भरू लागल्या, आणि खांबावर चढणाऱ्या बहुतेकांनी कधी कुस्ती केली नाही. सरावाचे साधन मूळ हेतूपासून सुटून स्वतःच कला होऊ शकते, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. समस्यापूर्तीसारखा, वृत्तांत पद्य रचण्याचा सरावही एके काळी असाच होता.

रोलरच्या बाबतीतही हे घडून गेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत चार्ल्स मर्फी हा सायकलपटू होता. आगगाडीच्या मागे, रुळांमध्ये फळ्या अंथरून, 30 जून 1899 रोजी त्याने एक मैल 57.8 सेकंदांत कापला. त्याला ते साधले, कारण गाडीच्या आडोशाला वारा नव्हता. म्हणजे एका अर्थी रोलरवर असते तीच निर्वात स्थिती त्याने रुळांवर मिळवली. त्याच वर्षी विश्वविजेता ठरलेला कृष्णवर्णीय सायकलपटू मेजर टेलर आणि हा मर्फी यांनी पुढे नाट्यगृहांतून रंगमंचावर अशा जागच्या जागी शर्यती केल्या. अशा शर्यतींत दोन माणसे शेजारी शेजारी बसून जिवाच्या आकांताने पाय मारतात, आणि कोण पुढे आहे हे मागे लावलेली तबकडी सांगते. साहित्यातील पुरस्कारांच्या चर्चा ऐकताना आम्हाला ती तबकडी पुष्कळदा आठवते. असो.

आमच्या तालुक्याचे साहित्यातले मोठे नाव म्हणजे भालचंद्र नेमाडे. 1938 मध्ये त्यांचा जन्म याच तालुक्यातल्या सांगवीचा. 'कोसला' (1963) मधला पांडुरंग सांगवीकर पुण्याला जातो आणि परत येतो. समीक्षेने या परत येण्याला पराभव म्हटले, अस्तित्ववाद म्हटले, आणखीही बरेच म्हटले. आमच्या वर्गातल्या मुलांना मात्र त्यात विशेष काही वाटत नाही. पुण्याला जाऊन परत आलेला एकतरी भाऊ प्रत्येकाच्या घरी असतो. निघूनही तेथेच असणे हा त्यांच्यासाठी तत्त्वज्ञानाचा विषय नसून घरातला विषय आहे. दुसरीकडे, नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' ही शर्यत जोडीने पूर्ण केली, आणि 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने केली, हे मुलांना कौतुकाने सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला: "सर, तिकडे ट्रक नसतात का?"

हा प्रश्न विचारणारी मुलगी सहा किलोमीटरवरच्या गावाहून सायकलने येते. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. तशाच एखाद्या नात्यातल्या मुलीची, बारावीनंतर रिकामी झालेली सायकल हिच्या वाट्याला आली आहे. तिला आणि तिच्याबरोबरच्या चौघींना रोज तोच रस्ता आहे, ज्यावरून आम्ही माघारी फिरलो. एस.टी.च्या वेळा महाविद्यालयाच्या वेळांशी जुळत नाहीत. सायकल थांबली तर शिक्षण थांबेल आणि वर्षभरात लग्न होईल, हे तिने आम्हाला निबंधात नव्हे, फीच्या अर्जासोबत सांगितले. आम्हाला उंबरठा परवडतो. तिला परवडत नाही. गेली सात वर्षे निष्फळ श्रमांची जी मीमांसा आम्ही करत आलो, ती या पाचजणींच्या हजेरीपटापुढे पोरकी वाटते.

गेल्या हिवाळ्यात त्या पाचहीजणी पुस्तके नेण्यासाठी घरी आल्या आणि त्यांनी रोलर पाहिला. बसून पाहण्याचा आग्रह त्यांचाच. चौकटीला धरून पहिलीने पाय मारले आणि दहा मिनिटांत तिने हात सोडले; आम्हाला नऊ दिवस लागले होते. खड्डे, गतिरोधक, कडेची वाळू आणि कानाशी वाजणारे भोंगे यांत रोज तोल सांभाळणारीला तीन गुळगुळीत नळकांड्यांचे ते काय! ती उतरली आणि म्हणाली, "सर, सोपं आहे. पण मागून कोणी येत नाही, म्हणून करमत नाही."

मग बोलणे रस्त्याकडे वळले. महामार्ग टाळून शिवारातून येणारा एक गाडरस्ता आहे. पावसाळ्यात चिखल असतो, पण दिवाळी ते मृगापर्यंत चालतो. दीड किलोमीटरचा फेर पडतो आणि मध्ये एक नाला लागतो. तो त्यांना माहीत होता. एकट्यादुकट्याने जायला केळीच्या बागा भीतीच्या वाटतात. दोन्ही बाजूंना माणूसभर उंचीची दाट पाने, हाक मारली तर ऐकणारे कोणी नाही. पाचजणी नेहमी एकत्र नसतात. कोणी मोठे माणूस सोबत असेल तर घरचे त्या रस्त्याने जाऊ देतील, असे त्यांनी अडखळत सांगितले, आणि आमच्याकडे पाहिले नाही. चहाचे कप उचलता उचलता सौभाग्यवतींनी विचारले, "सकाळी किती वाजता निघता गं तुम्ही?"

साडेसहाला, त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याकडे गेलो. सात वर्षे रोलरवर फिरलेल्या मागच्या टायरची मधली नक्षी पूर्ण घासून गेली होती, बाजूचे रबर मात्र कोरे होते. खडीवर हा एक दिवसही टिकणार नाही, असे तो म्हणाला. ब्रेकचे रबर तर कधी वापरलेच गेले नव्हते, ते दगडासारखे कडक झाले होते. त्याने दोन्ही बदलले, मागच्या मडगार्डला लाल चमकपट्टी चिकटवली, आणि घंटी वाजवून पाहिली.